दारातली सदाफुली आणि चीनचा सोमल

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वाडीत चाफा, मोगरा आणि तगर आहे. माझे बाबा पहाटे उठून करंड्या भरतात आणि विरारहून सुटणाऱ्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडून दादरच्या फुलबाजारात जातात. वाडीच्या कडेला, रहाटाच्या जुन्या दगडाजवळ, सदाफुलीचीही झाडे आहेत. ती कोणी लावलेली नाहीत, त्यांना कोणी पाणी घालत नाही. बाराही महिने ती फुललेली असतात, पण बाबांच्या करंडीत ती कधी गेली नाहीत, कारण त्या फुलाला बाजारात कोणी विचारत नाही. गेल्या वर्षीपर्यंत मीही त्या झाडांकडे नीट पाहिले नव्हते.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या काकांच्या मुलाला ताप आला. तो नऊ वर्षांचा. ताप उतरेना, अंगावर निळे डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. रक्त तपासले तेव्हा कळले की त्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला आहे. ज्या गाडीने बाबा फुले घेऊन जातात त्याच गाडीने काका-काकी त्याला घेऊन परळला जाऊ लागले. पहिल्या महिन्याचे उपचार संपले आणि तपासणीत रोगाच्या पेशी दिसेनाशा झाल्या. घरात पेढे वाटले गेले. पण डॉक्टरांनी सांगितले, "हा आरंभ आहे. अजून दोन-अडीच वर्षे औषध चालू ठेवावे लागेल."

नेमके हेच आमच्या घरात कोणाच्या गळी उतरेना. रोग गेला, मग औषध कशाला? पोराचे केस गेले, तोंडात फोड आले, पाय ओढत चालू लागला. त्याच सुमारास नात्यातल्या एका गृहस्थांनी एका माणसाला घरी आणले. त्याच्याकडे कागदी पुड्यांत तपकिरी भुकटी होती. "चीनमधली पाच हजार वर्षांची विद्या आहे. शुद्ध झाडपाला. अपाय काही नाही. इस्पितळातले विष मात्र आधी थांबवा," असे त्याने सांगितले. आजीने पदराची गाठ सोडली.

वाचकहो, या अनुभवातून माझे जे मत बनले तेवढेच मला येथे मांडावयाचे आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणूनच त्या दिवशी सर्वांनी माझ्याकडे पाहिले: "तू शिकलेली आहेस ना, तूच सांग." आणि मला काहीच सांगता आले नाही. त्या लाजेपोटी मी ग्रंथालयात जाऊन बसले.

तेथे मला पहिली गोष्ट सापडली ती आमच्या रहाटाजवळची सदाफुली. मूळची ही वनस्पती मादागास्कर बेटावरची, पण उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरलेली. जमैकात लोक तिच्या पाल्याचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ साली तेथून काही पाने कॅनडात पोहोचली आणि रॉबर्ट नोबल या संशोधकाने तिचा अर्क उंदरांना दिला. साखरेवर काही परिणाम दिसेना, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्यात याचा उपयोग होईल काय, असा विचार त्यातून सुरू झाला. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळे काढले, अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच वनस्पतीतून व्हिन्क्रिस्टिन काढले, आणि १९६३ साली व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशी दुभंगताना तिच्या आत जे सूक्ष्म धागे तयार होतात ते हे औषध बनू देत नाही, त्यामुळे रोगाची पेशी वाढू शकत नाही. आजही मुलांच्या ल्युकेमियावरच्या बहुतेक उपचारांत व्हिन्क्रिस्टिन असते. माझ्या भावाच्या शिरेत दर आठवड्याला जे औषध जात होते, ते हेच!

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी धावत घरी आले, सदाफुलीची एक फांदी तोडली आणि आजीपुढे धरली. "आजी, इस्पितळातले औषध विष नाही, या झाडाचे आहे," असे मोठ्या ऐटीत सांगितले. मला वाटले, वाद संपला.

आजीने फांदी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "अगो बाय, झाडाचंच औषध असेल तर पाला आपल्या दारात आहे. मग पोराला एवढ्या लांब कशाला नेता? मीच काढा करून देते."

मी निरुत्तर झाले. मित्रहो, आपण शिकलेली मंडळी वाद जिंकायला जातो आणि समोरच्याच्या हातात नवे हत्यार देऊन परत येतो, ते असे. दोन दिवस आजी खरोखरच पाला खुडण्याच्या बेतात होती. तिला थांबवायचे तर "झाडाचे औषध चांगले" एवढे म्हणून भागणार नव्हते. झाड आणि औषध यांच्यामध्ये काय घडते, ते मला आधी समजून घ्यावे लागले.

मध्ये घडते ते मोजमाप. व्हिन्क्रिस्टिनची मात्रा मुलाची उंची आणि वजन पाहून ठरवतात, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी साधारणपणे २ मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत. २ मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या एका दाण्याचा सुमारे दहावा भाग. एक ग्रॅम औषध मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. पानात त्याच्याबरोबर इतर कितीतरी द्रव्ये असतात, त्यांतली काही विषारीही. मुठभर पाल्याच्या काढ्यात औषध किती आणि विष किती, हे आजीला कळणार नाही आणि जगातल्या कोणत्याही वैद्यालाही चव घेऊन सांगता येणार नाही. शिवाय हे औषध शिरेतूनच द्यावे लागते. तेच चुकून पाठीच्या कण्यातून दिले गेले तर रोगी दगावतो. भाऊ पाय ओढत चालत होता तोही याच औषधाचा परिणाम. नसांवर त्याचा ताण येतो. म्हणजे "इस्पितळातले विष" हे आजीचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. ते विषच आहे. फक्त ते मोजून, वेळ पाहून आणि रक्त तपासून दिलेले विष आहे.

आता चीनकडे वळू, कारण पुडीवाल्याने चीनचे नाव घेतले होते. मला वाटले होते की तेथील विद्येच्या नावाखाली सगळी थापेबाजीच असेल. पण वाचत गेले तसे आश्चर्य वाटू लागले. ल्युकेमियाच्या एका जातीवरचे आजचे सर्वोत्तम औषध चीनच्या पारंपरिक वैद्यकातूनच आले आहे. ते म्हणजे सोमल. आपल्याकडे उंदीर मारायला वापरत तोच सोमल, शास्त्रीय नाव आर्सेनिक ट्रायऑक्साइड.

१९७० च्या दशकाच्या आरंभी ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरातल्या डॉक्टरांच्या कानावर आले की खेड्यातला एक वैद्य एका मिश्रणाने गाठी बऱ्या करतो. ते हसले नाहीत आणि त्यांनी डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. ते त्या खेड्यात गेले. मिश्रणात तीन वस्तू होत्या: सोमल, पाऱ्याचा एक क्षार आणि भेकाचे विष. हान ताययुन यांनी त्याचे इंजेक्शन तयार केले. पुढे झांग तिंगदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक वस्तू वगळून पाहिली. पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होई, भेकाच्या विषाने रक्तदाब वाढे. गुण येत होता तो एकट्या सोमलाने. आणि तोही सर्व कर्करोगांवर नव्हे, तर मुख्यतः ल्युकेमियाच्या एकाच जातीवर, जिला अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया म्हणतात. एके काळी या जातीत रोगी रक्तस्राव होऊन काही दिवसांत जात असे. शांघायचे डॉक्टर वांग झेनयी यांनी याच जातीवर 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले एक औषध वापरले आणि १९८८ साली २४ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ जणांच्या रक्तातून रोग केवळ त्या औषधाने हटला होता. २००० साली सोमलाला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१३ साली युरोपातल्या एका चाचणीत, फार धोका नसलेल्या रोग्यांना ही दोन औषधे एकत्र दिली तेव्हा दोन वर्षांनंतर १०० पैकी ९७ रोगी रोग न उलटता जिवंत होते. आपल्याकडे वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनीही एकट्या सोमलावर रोगी बरे होतात हे दाखवून दिले आहे.

पुडीवाल्याच्या आणि हार्बिनच्या डॉक्टरांच्या सांगण्यातला भेद येथे आहे. पुडीवाला म्हणतो, "सगळ्या कर्करोगांवर चालते." ते म्हणाले, "एकाच जातीवर चालते." पुडीवाला म्हणतो, "अपाय काही नाही." ते म्हणाले, "हृदयाचे ठोके बिघडू शकतात, नियमित तपासा." पुडीवाला बऱ्या झालेल्यांची नावे सांगतो. ते मेलेल्यांचीही मोजदाद ठेवतात. माझ्या मते औषधांची खरी विभागणी देशी-विदेशी, जुने-नवे किंवा झाडपाला-रसायन अशी नाहीच. ज्याचे अपयशही लिहून ठेवले गेले ते औषध, आणि ज्याच्या फक्त यशाच्या गोष्टी सांगितल्या जातात ती पुडी. 'पर्यायी' हा शब्द म्हणूनच मला फसवा वाटतो. सोमल कसोटीला उतरला तेव्हा तो इस्पितळात आला. त्याला कोणी पर्याय म्हणून बाहेर उभे ठेवले नाही.

तर्कशास्त्राच्या तासाला आम्हांला काकतालीय न्याय शिकवतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार. पहिल्या महिन्याच्या इंजेक्शनांनी रोग मागे हटला, त्यानंतर कोणी पुडी घेतली, की गुण पुडीचा ठरतो. चार-सहा महिन्यांनी दडून राहिलेल्या पेशी पुन्हा वाढल्या की दोष नशिबाचा ठरतो. या कावळ्याला फांदी तोडल्याचे श्रेय मिळते, आणि फांदी डोक्यात पडली तर तो उडून गेलेला असतो!

"झाडपाला आहे, निदान अपाय तरी नाही," हे वाक्य तर मी घरोघरी ऐकले आहे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका दवाखान्यात वजन कमी करण्यासाठी स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत. त्यांत एका मुळीच्या जागी चुकून दुसरीच मुळी आली, आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ती मुळी ज्या कुळातली, त्याच कुळातली आपल्या कोकणातली सापसंद. आपली औषधेही या दोषातून मुक्त नाहीत. २००४ साली बॉस्टन शहरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. उपचार चालू असताना मुलाच्या अंगात रोगजंतूंशी लढायला पांढऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, तेव्हा तर भुकटीतली साधी बुरशीही जिवावर बेतू शकते. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी लोकलच्या डब्यात डोके वर केले की काय काय चिकटवलेले दिसते, ते आपण सर्वजण रोज वाचतो.

हे सारे खरे असले तरी पुडीमागे जाणाऱ्या लोकांना 'अडाणी' म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. माझी आजी अडाणी नाही. कोणत्या ढगाला पाऊस आहे आणि कोणत्या कलमाला खोडकिडा लागणार, हे तिला आधी कळते. तिने पुडी घेतली, कारण पुडीवाला तिच्या ओट्यावर तासभर बसला, चहा प्याला, तिच्या भाषेत बोलला आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. उपचाराचे कागद मात्र इंग्रजीत होते, आणि घरात इंग्रजी वाचणारी एकटी मी. मी ते वाचून दाखवलेच नव्हते. बुडत्याला काडीचा आधार, हे आपण जाणतो. पण शेजारी दोर पडलेला असताना तो काडी धरत असेल, तर दोर दाखवणाऱ्यांचेही काही चुकले असले पाहिजे.

देशी आणि विदेशी विद्येत वैरच असले पाहिजे असेही नाही. मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारा यल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचा एक तरुण १९२३ च्या सुमारास अमेरिकेत गेला. पुढे त्याच्या हाताखाली ज्या औषधांचा शोध लागला त्यांतील अॅमिनोप्टेरिन हे औषध सिडनी फार्बर या डॉक्टरांनी बॉस्टनमध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी १६ मुलांची हकीकत छापली. त्यांपैकी १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला होता. काही काळच, ती मुले वाचली नाहीत, आणि तेही लपवले गेले नाही. पण मुलांच्या ल्युकेमियावर औषध असू शकते हे तेथे दिसले. माझा भाऊ आता दर आठवड्याला ज्या पिवळ्या गोळ्या घेतो, ते मेथोट्रेक्सेट त्याच औषधाचे भावंड आहे.

आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने परदेशातल्या रुग्णालयात वारल्या. पैशाला तोटा नव्हता, डॉक्टरांना तोटा नव्हता. पण जगात औषधच नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली ल्युकेमियाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन झाला आणि १९४१ साली परळला टाटा रुग्णालय उघडले. १९८० च्या दशकात तेथील, तसेच दिल्ली आणि मद्रासच्या डॉक्टरांनी आपल्या मुलांना सोसेल आणि परवडेल अशी उपचारपद्धती बसवली, तिच्यातही व्हिन्क्रिस्टिन आहेच. जे औषध तेव्हा टाटांच्या घराला मिळाले नाही, ते आज फुले विकणाऱ्याच्या पुतण्याला मिळते. प्रगत देशांत ल्युकेमियाच्या त्याच्या जातीची शंभरातली सुमारे नव्वद मुले बरी होतात. आपल्याकडे आकडा कमी पडतो याचे एक मोठे कारण म्हणजे अर्ध्यावर सोडलेले उपचार. प्रवास, मजुरी बुडणे, कर्ज, आणि कोणीतरी आणून दिलेली पुडी.

शेवटी आजीला काय सांगितले? सदाफुलीची फांदी बाजूला ठेवली आणि तांदळाचा एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला. "याचे दहा भाग कर. त्यातला एक भाग एका माणसाचे औषध. दोन भाग झाले तर इजा, अर्धा झाला तर रोग उलटणार. तुला पाल्यातून तेवढेच काढता येईल?" आजी बराच वेळ दाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे तू आधी का नाही सांगितलंस?" पुढच्या फेरीला ती स्वतः परळला गेली आणि पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते रागावले नाहीत. "यात काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून देऊ नका. आणि अशी वस्तू आणलीत तर लपवू नका, दाखवत जा," एवढेच म्हणाले.

भावाचे औषध अजून वर्षभराहून अधिक काळ चालायचे आहे. पुढे काय होईल याची हमी कोणी देत नाही, आणि हमी न देणाऱ्यावरच आता आजीचा विश्वास बसला आहे. तो पुन्हा शाळेत जाऊ लागला आहे, केस आले आहेत, गणिताचा कंटाळा पूर्वीइतकाच आहे.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" हा आजीचा प्रश्न मी माझ्यापुरता ठेवू इच्छित नाही. वसई-विरारच्या वाड्यांतून, कोळीवाड्यांतून आणि पूर्वेकडच्या पाड्यांतून माझ्यासारखी कितीतरी मुले-मुली या महाविद्यालयात घरातली पहिली म्हणून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर वर्षातून काही रविवार आपण रोग्यांच्या घरी बसलो, त्यांचे कागद मराठीत समजावून दिले, जनआरोग्य योजनेचा अर्ज भरून दिला, पुढची तारीख कोणती ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, तर? त्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही. ओट्यावर तासभर बसावे लागते आणि दिलेला चहा प्यावा लागतो. पुडीवाल्याला हे कधीच कळले आहे. प्राध्यापकवर्गाने हा विचार मनावर घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.